आयुक्तसाहेब, आधी नदीपर्यंत वाट द्या

मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, यांस



आपल्या महापालिकेने गेल्या काही वर्षांत बाजारातून दोनदा कर्ज उभे केले. २०२३ मध्ये काढलेल्या २०० कोटींच्या रोख्यांत मुळा नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम होते. २०२५ मध्ये काढलेल्या २०० कोटींच्या हरित रोख्यांत निगडी-प्राधिकरणातला ‘हरित सेतू’ होता, म्हणजे पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना जीव मुठीत न धरता जाता येईल असे रस्ते. नदीसाठीही कर्ज काढायचे आणि सायकलसाठीही, अशा महापालिका देशात विरळाच. पण या दोन कामांच्या फायली वेगळ्या, खाती वेगळी आणि नकाशेही वेगळे. सायकलचा रस्ता नदीकडे वळत नाही. नदीच्या आराखड्यात सायकल आलीच, तर संध्याकाळच्या फेरफटक्यापुरती येते, दिव्यांच्या खांबांच्या आणि बाकड्यांच्या शेजारी. या दोन फायली एकत्र बांधाव्यात, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. या शहराच्या नद्यांची सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ राखण पूररेषेवरून जाणारी सायकलवाट आणि पाण्यातली साधी वल्ह्याची होडी यांच्याकडून होईल, असे माझे म्हणणे आहे. ती राखण घाट, दगडी पिचिंग आणि रोषणाई यांच्या आधी उभी राहायला हवी. काठ सजवून झाल्यावर लोकांना बोलावणे म्हणजे वरातीमागून घोडे.

पवना शहराच्या मधून वाहते, मुळा दक्षिणेची कड धरते आणि इंद्रायणी उत्तरेची. तीन नद्यांचे शहर म्हणून मिरवायला कोणाचीच हरकत नसावी. पण यातली एखादी नदी पाहायची झाली तर लाखो रहिवाशांना ती पुलावरून, गाडीच्या काचेतून, चारदोन सेकंद दिसते. जुनी गावठाणे अशी नव्हती. चिंचवडला मोरया गोसावींचे समाधिमंदिर पवनेच्या काठावर आहे. देहू आणि आळंदी तर इंद्रायणीवाचून डोळ्यांसमोर येत नाहीत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, आणि शहर मुंबई-पुणे रस्ता व रेल्वेच्या दोन्ही अंगांनी वाढत गेले. कारखान्यांची, सोसायट्यांची आणि दुकानांची तोंडे रस्त्याकडे झाली, तशी नदी परसात गेली. १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली ही गावे हद्दीत घेतली तेव्हा इंद्रायणी शहराची सीमा बनली. सीमेच्या वाट्याला सगळीकडे येते तेच तिच्याही वाट्याला आले: दोन्हीकडच्यांनी नको ते तिकडे नेऊन टाकले. इंद्रायणीसाठी भोसरीत ‘रिव्हर सायक्लोथॉन’ भरते आणि हजारो लोक सायकली घेऊन उतरतात. उपक्रम चांगला आहे, त्याची थट्टा मला करायची नाही. पण नदीच्या नावाने निघालेल्या या सायकलींना नदीकाठाने सलग जाता येईल अशी वाट आजही नाही, आणि ती नसण्यातच दुखण्याचे मूळ आहे.

नजरेआड असलेल्या नदीचे काय होते, हे चिखलीने दाखवले. तिथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत २९ बंगले उभे राहिले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा; तिच्या आत बांधकामाला मनाई असते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये हे बंगले पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयात जाऊनही तो टळला नाही, आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेच्या यंत्रांनी बंगले जमीनदोस्त केले. कारवाई कायद्याला धरूनच झाली. पण एक बंगला बांधायला वर्ष-दीड वर्ष जाते. पाया खणला जातो, स्लॅब पडतो, वीज येते, आणि ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली ते लोक राहायला येतात. एवढ्या अवधीत ती रेषा होती कुठे? जलसंपदा खात्याच्या नकाशावर, कागदोपत्री. जमिनीवर तिचा खांब नव्हता, दगड नव्हता, वाट नव्हती. प्लॉट पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाला आपण कशाच्या आत उभे आहोत हे दाखवणारी एकही खूण तिथे नव्हती. आता त्याच जागी निळ्या रेषेवरून तीन मीटर रुंदीची सार्वजनिक वाट जाते आहे आणि तिच्यावरून सकाळ-संध्याकाळ माणसे ये-जा करताहेत, असे धरून चाला. वाटेच्या नदीकडच्या बाजूचा प्लॉट विकणे कोणत्याही दलालाला जड गेले असते. घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की मधून रस्ता कसा काय जातो?

म्हणून ही वाट नेमकी पूररेषेवर हवी. पात्रात नको, आणि पाण्यावर झुकलेल्या काँक्रीटच्या सज्जावर तर नकोच. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, शेती अशा मोकळ्या वापरालाच वाव आहे, तेव्हा वाटेला कायद्याची आडकाठी नाही. मुरूम दाबून केलेली, अधूनमधून दगडी खांब रोवलेली, प्रत्येक खांबावर पुराची पातळी रंगवलेली वाट पुरेशी आहे. ती एकाच वेळी दोन कामे करील. माणसाला नदीपर्यंत पोहोचवील आणि हद्दीचा दगड म्हणून उभी राहील. रात्री डंपर येतो, राडारोडा ओतून निघून जातो, आठ दिवसांनी त्यावर माती पसरते, आणि पुढच्या वर्षी तिथे भंगाराचे दुकान किंवा लॉन्स दिसते. हा क्रम पवनेच्या काठी राहणाऱ्या कोणालाही नवा नाही. भराव एका रात्रीत होत नाही, पण पहिल्या डंपरच्या वेळी पाहणारे कोणी नसते. महापालिकेने कितीही पथके नेमली तरी ती पाळीप्रमाणे येतील आणि पाळी संपली की जातील. रोज त्याच वाटेने कामाला जाणाऱ्या शंभर सायकलस्वारांच्या नजरेतून मात्र कालचा ढीग सुटत नाही.

वाट काठ राखील, हे पटले तर पुढचा प्रश्न होडी कशाला, असा येतो. त्याचे उत्तर फेसात आहे. थेरगावला पवनेवर केजूदेवी बंधारा आहे. जवळच महापालिकेचा बोट क्लबही आहे. याच बंधाऱ्यावर साबणासारखा पांढरा फेस तरंगताना आणि मेलेले मासे काठाला लागलेले वेळोवेळी बातम्यांत दिसतात. आळंदीत इंद्रायणीच्या बंधाऱ्यावरही तेच, आणि वारीच्या दिवसांत वारकरी त्याच फेसात आंघोळ करताना सगळा महाराष्ट्र पाहतो. फेस तयार कसा होतो ते पाहा. प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातून धुण्याच्या पावडरीतली रसायने आणि कारखान्यांतले तत्सम द्रव पाण्यात मिसळतात. संथ पाण्यात ती दिसत नाहीत. ते पाणी बंधाऱ्यावरून कोसळते, त्यात हवा घुसते, आणि फेस उसळतो. थोडक्यात, फेस दिसतो तिथे पाणी पडते. घाण मिसळते ती जागा त्याच्या वर कुठेतरी असते, एक किलोमीटरवर किंवा पाच. फोटो बंधाऱ्याचा निघतो, अधिकारी बंधाऱ्याला भेट देतात, नमुने बंधाऱ्यापाशी घेतले जातात, आणि नाल्याचे तोंड झुडपाआड निवांत राहते. रस्त्याच्या बाजूने ते दिसत नाही, कारण मधे भिंत असते, खासगी जागा असते, बाभळीची आणि घाणेरीची दाट झाडी असते. पाण्याच्या बाजूने ते उघडे असते. कोणता पाइप कोरडा आहे, कोणता पहाटे वाहतो, पाण्याचा रंग कुठून पालटतो, हे होडीत बसून वर जाणाऱ्याला अर्ध्या तासात कळते.

जलपर्णीचेही तसेच. दरवर्षी ती काढायच्या निविदा निघतात, पोकलेन येतो, हिरवा गालिचा ओढून काठावर ढीग घातले जातात, आणि थोड्या दिवसांत पाणी पुन्हा हिरवे होते. ही वनस्पती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. खाणे चालू ठेवून तिला उपटत राहिलो तर हे काम संपणार नाही, ठेकेदार मात्र कायमचा होईल. होडी चालते का, हाच पाण्याच्या तब्येतीचा कोणालाही कळणारा दाखला. प्रयोगशाळेच्या अहवालातले बीओडीचे आकडे सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातात. ‘या महिन्यात चिंचवडच्या घाटापासून पिंपरीपर्यंत होडी जाऊ शकली नाही, जलपर्णीत अडकली’ हे वाक्य सहावीतल्या मुलालाही कळते.

होडी म्हटले की हा श्रीमंतांचा किंवा परदेशातला शौक, असे काहींना वाटेल. सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर जी गर्दी उसळते, ती पाहिलेला माणूस असे म्हणणार नाही. आणि आपल्या परिसरातच पाहा. पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे आणि तिथली मुले ‘रेगाटा’ हा होड्यांचा सोहळा भरवतात. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५० मध्ये पुरा झालेल्या बंडामुळे त्या भागात पाणी तुंबून राहते, म्हणून तिथे वल्हे मारता येते. त्या मुलांच्या वल्ह्याखाली येणारे पाणी मुळेचे, म्हणजे दापोडीपाशी पवना पोटात घेऊन पुढे गेलेले, आणि म्हणून आपले. आपल्या हद्दीतही लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात रोइंगसाठी खास जलमार्ग आहे. तिथल्या आर्मी रोइंग नोडमध्ये घडलेला दत्तू भोकनळ, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला विहिरी खणणाऱ्या मजुराचा मुलगा, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला गेलेला एकमेव भारतीय रोअर होता. ज्या शहराच्या हद्दीत देशाचे नौकापटू तयार होतात, त्या शहरातल्या महापालिका शाळेच्या मुलाने वल्हे हातात धरलेले नाही. विनोद म्हणावा तर हसू येत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आधी नदी स्वच्छ करा, मग सायकल आणि होडीचे लाड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत पवना, इंद्रायणी आणि मुळा तिन्ही आहेत. अशा पाण्यात लोकांना उतरवणे बेजबाबदारपणाचे नाही का? उतरवायचे नाहीच. जिथे पाणी घाण आहे तिथे सहलीची होडी सोडू नये, तपासणीची सोडावी. पण ‘आधी स्वच्छता’ हा क्रम ऐकायला जितका सरळ वाटतो तितका तो अनुभवाला उतरत नाही, कारण जी नदी लोकांच्या रोजच्या जगण्यात नाही तिच्यासाठी आग्रह धरणारे कोणी उरत नाही. पॅरिसने सेन नदीचा डावा काठ २०१३ मध्ये मोटारींकडून काढून घेऊन पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांना दिला, उजवा काठ २०१६ मध्ये. १९२३ पासून त्या नदीत पोहायला बंदी होती, ती जुलै २०२५ मध्ये ठरावीक ठिकाणी उठली. मधल्या काळात सांडपाण्यावर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. एवढा पैसा काठावर बसणाऱ्या नागरिकांमुळेच मिळाला असे मी म्हणणार नाही. ऑलिम्पिकचा रेटा मोठा होता. पण लोक काठावर आधी आले आणि पोहणे नंतर, हा क्रम तारखांत स्पष्ट आहे. उलट उदाहरण साबरमतीचे. अहमदाबादेत काठ सुबक बांधला, नर्मदेचे पाणी आणून भरले, तळ्यासारखी संथ नदी शहराला मिळाली. आणि त्याच साबरमतीच्या प्रदूषणाची गुजरात उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. शहराच्या खालच्या अंगाला नदी गटारच होती. नीटनेटक्या काठाने नदी झाकता येते, हे आपण त्यातून शिकावे.

दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले. त्याआधी २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान होडी उलटून सहा जण बुडाले. तेही शेवटी आपल्याच नद्यांचे पाणी. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळा-मुठाही पुढे तिलाच, आणि भीमा उजनीत. मग लोकांना नदीकडे बोलावणे म्हणजे संकटाला आवतण नव्हे काय? मला या दोन्ही घटना उलट्या बाजूने बोलताना दिसतात. कुंडमळ्याला लोकांना कोणी बोलावले नव्हते. धोक्याचे फलक होते. तरी रविवारी गर्दी झाली, कारण लाखो माणसांच्या या पट्ट्यात पाण्याजवळ जायला सुरक्षित जागाच नाहीत आणि माणूस पाण्याकडे जाणारच. फलकाने गर्दी थांबत नाही. उजनीत तर लोक रोजच्या कामासाठी पलीकडे जात होते. जिथे नावनोंदणी आहे, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवू देत नाहीत, वारा सुटला की होडी बांधून ठेवतात, तिथे माणसे मरत नाहीत असे नाही, पण फार क्वचित मरतात. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला आणि मोरया गोसावी मंदिराच्या आवारात पाणी शिरायची लक्षणे दिसली, की वाट बंद. होडी तर जून ते ऑक्टोबर नाहीच, असा सरळ नियमच करावा. जुलै २०२४ मध्ये सांगवीत घरांत पाणी शिरले, तेव्हा किती लोकांना आपण पूररेषेच्या कोणत्या बाजूला राहतो हे ठाऊक होते? वाटेवरच्या खांबांनी ते आधीच सांगितले असते.

तिसरा आक्षेप थोडक्यात असा, की सायकल चालवतो कोण. पिंपळे सौदागरला आणि इतरत्र सायकल ट्रॅक झाले, त्यांच्यावर मोटारी उभ्या राहिल्या, पाणीपुरीच्या गाड्या लागल्या. भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या. हे खरे आहे. पण ते ट्रॅक बहुधा मोटाररस्त्याच्या कडेची उरलेली पट्टी होते, बसथांब्याशी तुटणारे आणि चौकात गायब होणारे. त्यांच्या अपयशावरून सायकलचे अपयश ठरवता येत नाही. ज्या शहराने आकुर्डीतून देशभर चेतक स्कूटर पाठवली, त्याच शहरात पहिल्या पाळीच्या भोंग्याला सायकलींची रांग लागत असे, आणि ती माणसे व्यायामासाठी सायकल मारत नव्हती. आजही चाकण, निघोजे, महाळुंगे भागातल्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या प्रत्येकाला कंपनीची बस मिळत नाही. तो चिखलीत किंवा मोशीत खोली घेतो आणि मधे इंद्रायणी असते. पलीकडे जायला मोजके पूल, त्यांतला मोठा पुणे-नाशिक रस्त्यावरचा मोशीचा, आणि त्यावर कंटेनरची रांग. सायकल आणि पायी जाणाऱ्यांपुरते दोनतीन अरुंद, पक्के पूल या नदीवर झाले, तर काठावरची वाट रविवारच्या हौशी लोकांची न राहता रोजच्या पोटापाण्याची होईल. नदी ओलांडता न येण्याची किंमत बोपखेलला विचारा. २०१५ मध्ये लष्करी हद्दीतला रस्ता बंद झाला, गाव मुळेच्या कडेला अडकले, मोठा वळसा पदरी आला. लष्कराने मुळेवर तरंगता पूल टाकून दिला तेव्हा लोकांची निदान तात्पुरती सोय झाली. पक्क्या पुलासाठी पुढे अनेक वर्षे वाट पाहावी लागली. साध्या साधनाने मोठी अडचण सुटते, हे आपल्याच हद्दीत घडलेले आहे.

चौथा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा, आणि त्यांच्याशी माझे बरेच जुळते. वाट म्हणून सुरुवात होईल, मग पेव्हर ब्लॉक, मग दिवे, मग फूड कोर्ट. काठचे करंज आणि उंबर जातील, पाखरे जातील. पिंपळे निलखला मुळेकाठच्या झाडांसाठी नागरिक उभे राहिले ते याच धास्तीने. धास्ती रास्त आहे. म्हणून वाटेच्या निविदेतच काही गोष्टी बंद करून टाकाव्यात: काठाचा उतार बदलायचा नाही, झाड आडवे आले तर वाट वळवायची, दिवे लावायचे नाहीत, वाटेच्या नदीकडच्या बाजूला पैसे मिळवणारा कोणताही उपक्रम चालू द्यायचा नाही. काही तुकडे तर माणसांपासून लांबच ठेवावेत. तिथे वाट नदी सोडून गावातून जावी. सलगतेच्या हट्टापायी शेवटचे झुडूप कापायचे काही कारण नाही.

एका गोष्टीवर मात्र आक्षेप घेणारे आणि मी, दोघेही एकाच बाजूला असू. होडीला पाणी लागते, आणि पवनेत ते किती राहील हे आपल्याच एका जुन्या योजनेवर अवलंबून आहे. आज पवना धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथे आपण ते उचलतो. त्या योजनेप्रमाणे धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी झाली तर गळती आणि प्रदूषण टळेल, हा महापालिकेचा युक्तिवाद चुकीचा नाही. २०१९ पासून एक दिवसाआड पाणी पिणाऱ्या शहराला तो पटणारच. पण ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला याच जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि मावळातले तीन शेतकरी गेले. त्यांच्या भीतीत स्वतःच्या पाण्यावरच्या हक्काबरोबर नदीचाही प्रश्न होता: पाइपमधून सगळे पाणी गेल्यावर नदीत काय राहणार? त्याचे आकड्यांत उत्तर मिळायला हवे. बारमाही किमान किती पाणी पवनेत सोडले जाईल, हे जलसंपदा खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय नदीकाठच्या कोणत्याही सुशोभीकरणाला अर्थ नाही. कोरड्या पात्राच्या कडेला संगमरवरी घाट बांधलेला पाहायची वेळ आपल्यावर येऊ नये.

राहिला हद्दीचा प्रश्न. इंद्रायणीचा दक्षिण काठ आपला. उत्तरेला मोई, निघोजे, कुरुळी, चिंबळी ही गावे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) क्षेत्रात, आणि वर लोणावळा, तळेगाव, देहू यांच्या नगरपालिका-नगरपंचायती. घाण कोणाची यावर गेली कित्येक वर्षे पत्रव्यवहार चालू आहे. प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो, आणि वरचा आणखी वरच्याकडे. पावसाळा सोडून देहू ते आळंदी महिन्यातून एकदा एक होडी जाऊ द्या. पाणी तुटते तिथे ती उचलून पुढे न्या. तिच्यात आपला अभियंता, पीएमआरडीएचा अभियंता, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस, आणि दोन्ही काठांवरच्या गावांतला एकेक जाणता माणूस बसू द्या, शक्यतो पिढ्यानपिढ्या नदीवर मासेमारी करणाऱ्या घरातला. नदीचे डोह आणि उथळ जागा त्याला नकाशापेक्षा चांगल्या ठाऊक असतात. दिसलेल्या प्रत्येक नाल्याचे तोंड, त्याची बाजू, तिथे घेतलेला पाण्याचा नमुना, हे सगळे त्याच आठवड्यात देहूच्या, मोशीच्या आणि आळंदीच्या घाटावर फळ्यावर लावा. संकेतस्थळावर टाकलेत तरी चालेल, पण घाटावरचा फळा चुकवू नका. तिथे तो वारकरी वाचतो.

मोठ्या प्रकल्पांची कामे थांबवा असे मी म्हणत नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रे आणि नाले वळवण्याची कामे तर उद्यापासून दुप्पट वेगाने व्हावीत. घाट, रोषणाई, काँक्रीटचे काठ यांच्या निविदा तेवढ्या मागे ठेवा. त्याआधी पवनेवर रावेतच्या बंधाऱ्याच्या खाली थेरगावपर्यंत मुरमाची वाट करा, केजूदेवीच्या बोट क्लबवर महापालिका शाळांच्या मुलांसाठी वल्ह्याच्या होड्या ठेवा आणि पाणी ज्या दिवशी योग्य नसेल त्या दिवशी तसा फलक लावून त्या बंद ठेवा. किती दिवस फलक लागला, ते वर्षअखेरीस अंदाजपत्रकासोबत जाहीर करा. आणि इंद्रायणीवर चिखली ते मोशी निळ्या पूररेषेचे खांब रोवा. जमीन मोजलेली आहे, नकाशे आहेत, चिखलीतल्या कुटुंबांना घरे गमावून ती रेषा समजली आहे. पावसाळा जूनमध्ये येतो. तेवढे खांब त्याआधी रोवणे आपल्या बांधकाम खात्याला जड नाही. ते करावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
पवनेकाठचा एक करदाता